पावसाळ्यात बेंझीन कमी का दिसतं? ट्यूबमधल्या पाण्याचा माग

जून अर्धा सरला की हवेतलं बेंझीन मोजणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये दरवर्षी तीच तक्रार सुरू होते. एकाच जागी शेजारी-शेजारी लावलेल्या, हवेतले पदार्थ धरून ठेवणाऱ्या दोन ट्यूबांचे आकडे जुळत नाहीत. बेंझीनचा पीक (यंत्राच्या आलेखातला उंचवटा) कधी बुटका, कधी दुभंगलेला, कधी नेहमीपेक्षा उशिरा येतो. इंटर्नल स्टँडर्डचा, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात मुद्दाम घातलेल्या पदार्थाचा, एरिया निम्म्यावर उतरतो. डिटेक्टर एफआयडी (हायड्रोजनच्या ज्योतीवर चालणारा) असेल तर रनच्या सुरुवातीलाच ज्योत विझते आणि पुढचा सगळा क्रोमॅटोग्राम, म्हणजे आलेख, सपाट. मग कोणीतरी कॉलमचं (पदार्थ वेगळे करणाऱ्या बारीक नळीचं) टोक कापतं, कोणीतरी ट्रॅप (ट्यूबमधून सुटलेले पदार्थ कॉलममध्ये जाण्याआधी धरून ठेवणारा भाग) बदलतं, शेवटी सर्व्हिस इंजिनिअरला फोन जातो. तो येतो, कोरड्या स्टँडर्डची ट्यूब लावतो, सगळं झकास येतं, सही घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी लोट्याहून नाहीतर तळोज्याहून आलेल्या ट्यूबा लावल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बहुतेक वेळा कारण पाणी असतं. पण ‘ओलावा आहे’ एवढं म्हणून भागत नाही, कारण पाणी दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्रास देतं: एकदा फील्डवर सॅम्पल घेताना, आणि एकदा प्रयोगशाळेत ट्यूब तापवताना. दोन्हींची लक्षणं वरवर सारखी, उपाय मात्र वेगळे. आधी हे वेगळं करा, मग यंत्राला हात लावा.

खाली जे लिहिलंय ते पंपाने शोषक ट्यूबमधून हवा ओढून, ती ट्यूब तापवून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) घेण्याच्या पद्धतीबद्दल आहे. कोळशाच्या ट्यूबा आणि हातातले मीटर यांच्याबद्दल शेवटी थोडं आहे.

आधी हिशेब

तीस अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. कोकणात जुलैत सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरली तर २७ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे २७ मिलिग्रॅम. मिनिटाला १०० मिलिलिटरच्या वेगाने शंभर मिनिटं पंप चालवला की दहा लिटर हवा होते, आणि तेवढ्यात ट्यूबवरून पाव ग्रॅमहून जास्त पाणी जातं. त्याच हवेत बेंझीन किती? आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हवा बरोबर त्या मर्यादेवर असली तर दहा लिटरमध्ये ५० नॅनोग्रॅम. पाणी बेंझीनच्या पन्नास लाख पटींहून जास्त.

सुदैवाने ट्यूब हे सगळं पाणी धरत नाही. टेनॅक्स या पॉलिमरच्या शोषकाला पाण्याचं वावडं आहे, ग्राफाइटच्या जातीचे कार्बनही पाणी फारसं धरत नाहीत. कार्बन मॉलिक्युलर सीव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचा कार्बन) मात्र पाणी चांगलंच ओढून ठेवतं. फार हलके पदार्थही पकडता यावेत म्हणून दोन-तीन थरांची ट्यूब घेतली असेल आणि शेवटचा थर सीव्हचा असेल, तर पावसाळ्यात त्यात कित्येक मिलिग्रॅम पाणी बसलेलं असतं.

त्यातलं दहा मिलिग्रॅम जरी २५० अंशांवर वाफ झालं, तर वातावरणाच्या दाबाला त्याचे साधारण २४ मिलिलिटर होतात. कॉलममधून मिनिटाला एक-दीड मिलिलिटर वाहक वायू चाललेला असतो. एवढी वाफ एकदम सुटली की स्प्लिटचं (वायूचा किती भाग कॉलममध्ये जातो आणि किती बाहेर, याचं) प्रमाण बिघडतं, दाब उसळतो, सुरुवातीचे पीक फाटतात. त्याआधीही एक गंमत होते: कोल्ड ट्रॅप उणे तीसला ठेवला असेल तर पाणी तिथे गोठतं आणि बर्फ वायूचा रस्ता अडवतो. ट्यूबमधून ट्रॅपकडे यायचा प्रवाह मंदावतो, ट्यूब पुरती रिकामी होत नाही. म्हणूनच तीच ट्यूब दुसऱ्यांदा लावली की त्यात ‘उरलेलं’ बेंझीन दिसतं.

दोष फील्डवरचा की प्रयोगशाळेतला?

यासाठी इंटर्नल स्टँडर्डकडे नीट बघायचं. तो, समजा टोल्युइन-डी८ (जड हायड्रोजनचं टोल्युइन), प्रयोगशाळेत ट्यूबवर चढतो, सॅम्पल आल्यानंतर. फील्डवर तो गेलेलाच नसतो. त्यामुळे फील्डवर काय घडलं याबद्दल तो काहीही सांगू शकत नाही, आणि नेमकं हेच विसरलं जातं. ‘इंटर्नल स्टँडर्ड ठीक आहे, म्हणजे आकडा ठीक आहे’ हे वाक्य मी ऑडिटमध्येसुद्धा ऐकलंय.

ओल्या ट्यूबांवर इंटर्नल स्टँडर्ड खाली येतो आणि कोरड्या स्टँडर्डवर जागेवर राहतो, तर गोंधळ डिसॉर्प्शनच्या, म्हणजे ट्यूब तापवून पदार्थ सोडवण्याच्या, वेळचा आहे. इंटर्नल स्टँडर्ड छान, टोल्युइन आणि झायलीनही अपेक्षेप्रमाणे, फक्त बेंझीन कमी, तर फील्डवर बेंझीन ट्यूबमधून निसटून गेलंय. त्याला ब्रेकथ्रू म्हणतात. रहदारीच्या नेहमीच्या जागेवर टोल्युइन आणि बेंझीनचं गुणोत्तर वर्षभर ठरावीक पट्ट्यात फिरतं. ते पावसाळ्यात एकदम तिप्पट झालं आणि आसपास रंग किंवा सॉल्व्हंटचं काम चालू नाही, तर शंका ब्रेकथ्रूचीच घ्या.

मासवाला डिटेक्टर (मास स्पेक्ट्रोमीटर) असेल तर आणखी सोपं. स्कॅनमध्ये १८ चं, म्हणजे पाण्याचं, आयन बघा. सुरुवातीला मोठा उंचवटा येऊन तो कॉलमभर लांब शेपटीसारखा उतरत असेल, तर ट्यूबमधून पाणी आलंय. २८ आणि ३२ (नायट्रोजन आणि ऑक्सिजन) ही दोन्ही चढलेली असतील आणि रनभर तशीच राहत असतील, तर ती हवेची गळती आहे. तिथे या लेखाचा उपयोग नाही, नट आवळा.

दहा लिटरची सवय

आता नुसत्या टेनॅक्सच्या ट्यूबांबद्दल, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच येतात. दोनशे मिलिग्रॅम टेनॅक्स टीए भरलेल्या ट्यूबसाठी बेंझीनचं सुरक्षित आकारमान (बेंझीन निसटू न देता ओढता येईल एवढी हवा) वीस अंशांना सुमारे ६ लिटर आहे. टोल्युइनचं ३८ लिटर. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे आकारमान जवळपास निम्मं होतं, हा जुना ठोकताळा. म्हणजे तीस अंशांना बेंझीनसाठी ३ लिटर. वर आर्द्रता नव्वदीपार गेली की त्यातूनही कापावं लागतं. तरीही फॉर्मवर वर्षानुवर्षं ‘१० लिटर’ छापलेलं असतं आणि पंपवाला इमानेइतबारे दहा लिटर ओढतो. टोल्युइन जागेवर राहतं, बेंझीन मागच्या टोकाने निघून जातं. उन्हाळ्यातही हेच होत असतं. पावसाळ्यात ते इतकं वाढतं की ड्युप्लिकेट जुळेनात म्हणून लक्षात येतं.

खात्री करायची तर दोन ट्यूबा एकामागे एक जोडून सॅम्पल घ्या. मागच्या ट्यूबमध्ये एकूण बेंझीनच्या पाच टक्क्यांहून जास्त आलं तर पुढची ट्यूब पुरत नाहीये. दुसरा मार्ग अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या टीओ-१७ पद्धतीतला: एकाच वेळी, एकाच जागी, दोन ट्यूबा, एकीतून एक लिटर आणि दुसरीतून चार लिटर. दोन्हींचे प्रति घनमीटर आकडे जुळायला हवेत. ब्लँक (हवा न ओढलेली ट्यूब) स्वच्छ असून चार लिटरचा आकडा सतत कमी येत असेल तर निकाल लागला. मला ही दुसरी चाचणी जास्त आवडते, कारण ती ब्रेकथ्रूबरोबर ब्लँकचं भांडंही फोडते: ब्लँक जास्त असेल तरीही एक लिटरचा आकडा फुगलेला दिसतो.

उपाय दोन. नुसत्या टेनॅक्सवर राहायचं असेल तर पावसाळ्यात एक-दीड लिटरपेक्षा जास्त ओढू नका. मासवर सात-आठ नॅनोग्रॅम बेंझीन सहज दिसतं, स्प्लिट कमी केला तर एफआयडीवरही. किंवा ट्यूब बदला. कार्बोपॅक एक्ससारखा ग्राफाइटचा कार्बन बेंझीनला टेनॅक्सपेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि पाण्याला फारसं विचारत नाही. बेंझीन हेच मुख्य लक्ष्य असेल तर सीव्हचा थर असलेल्या ट्यूबेची गरज नसते. ती ब्युटाडाइन, व्हिनाइल क्लोराइडसारख्या हलक्यांसाठी. नको तिथे ती वापरून आपण पाणी विकत घेतो.

दव

हा प्रकार कुठल्याच फॉर्मवर नसतो. ट्यूबा चार अंशांच्या फ्रीजमधून काढल्या, थंडगार गाडीतून नेल्या, साइटवर पोचल्यावर लगेच टोपण उघडलं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास. ट्यूब त्याहून गार. आतल्या जाळीवर आणि शोषकाच्या तोंडावर दव धरतं, पंप सुरू होण्याआधीच. अशा वेळी टेनॅक्ससुद्धा ओलं होतं, कारण हे बाष्प शोषून घेण्याचं काम नाही, पाण्याचे थेंबच बसलेत.

परतीच्या प्रवासात उलटं. ट्यूब फ्रीजमध्ये गार झाली की पितळी टोपणातलं टेफ्लॉनचं फेरूल (घट्ट बसवणारं कडं) आकसतं, टोपण किंचित सैल होतं, आत हवा शिरते. फ्रीजमध्ये ठेवल्यानंतर एकदा टोपणं पुन्हा आवळायची, आणि काढल्यावर ट्यूब खोलीच्या तापमानाला येईपर्यंत टोपण उघडायचं नाही. साइटवरही तसंच. गाडीतून उतरल्यावर ट्यूबा बंद टोपणांसकट अर्धा तास सावलीत ठेवा, तेवढ्यात पंपाचा फ्लो तपासून होतो.

फ्लोवरून आठवलं. साबणाच्या फुग्याच्या मीटरने फ्लो तपासत असाल तर कोरड्या दिवसांत फुग्यातून जाताना हवा बाष्प उचलते आणि फ्लो थोडा जास्त दिसतो. सत्तावीस अंशांना पूर्ण कोरड्या हवेसाठी हा फरक साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. पावसाळ्यात हवा आधीच भिजलेली असते, फरक जवळपास नाहीसा होतो. म्हणजे जानेवारी आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवताना दोन-तीन टक्के यातही असू शकतात. फार नाही, पण ‘उरलेला फरक कशाचा’ म्हणून कोणी विचारलं तर माहीत असावं.

वजन करा

सगळ्यात स्वस्त चाचणी हीच, आणि सगळ्यात कमी वापरली जाते. ट्यूब कंडिशन करून (तापवून स्वच्छ करून), टोपणं लावून, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. सॅम्पल आल्यावर त्याच टोपणांसह पुन्हा घ्या. हातमोजे घाला, बाहेरून ट्यूब कोरडी पुसा, टोपणं अदलाबदल होऊ देऊ नका. दोन वजनांतला फरक म्हणजे जवळपास पूर्णपणे पाणी, कारण बेंझीन-टोल्युइन काट्याला कळणारसुद्धा नाही. दोन मिलिग्रॅमच्या आत असेल तर मी ट्यूब सरळ लावतो. त्याहून जास्त असेल तर ड्राय पर्ज (कोरडा वायू सोडून ट्यूब सुकवणं) केल्याशिवाय यंत्रात घालत नाही. आकडा तुमच्या यंत्राप्रमाणे ठरवा. इंटर्नल स्टँडर्ड कुठल्या वजनापासून खाली यायला लागतो ते आठवडाभर लिहून ठेवलं की तुमची रेषा तुम्हाला सापडते.

ड्राय पर्ज, आणि त्यात काय चुकतं

शुद्ध कोरडा नायट्रोजन किंवा हेलियम, खोलीच्या तापमानाला, मिनिटाला ५० मिलिलिटर, दहा मिनिटं. कृती एवढीच. चुका मात्र तिन्ही त्रिकाळ त्याच.

पहिली दिशा. पर्ज नेहमी सॅम्पल ज्या दिशेने घेतलं त्याच दिशेने. बहुतेक धातूच्या ट्यूबांवर सॅम्पलच्या टोकाजवळ खाचा असतात, वायू तिथून आत जायला हवा. उलट्या दिशेने पर्ज केला की पुढच्या सौम्य थरावर बसलेले पदार्थ पाण्याबरोबर बाहेर जातात.

दुसरी, पर्जचं आकारमान. दहा मिनिटं ५० मिलिलिटर म्हणजे अर्धा लिटर. हा अर्धा लिटर सॅम्पलच्या लिटरांमध्ये मिळवायचा आणि बेरीज सुरक्षित आकारमानाच्या आत राहिली पाहिजे. टेनॅक्सवर आधीच कड्यावर आलेलं बेंझीन अर्ध्या तासाच्या ‘जरा चांगल्या’ पर्जने हमखास पडतं. पाणी गेलं की नाही हे मिनिटांनी ठरवू नका, वजनाने ठरवा.

तिसरी, सिलिंडर. नायट्रोजनच्या सिलिंडरचा दाब उतरत गेला की भिंतीला धरलेलं पाणी सुटून वायूतलं प्रमाण वाढतं. तळाशी आलेला सिलिंडर पर्जसाठी वापरू नये, भले स्टोअरवाला कुरकुरला तरी. ओलावा पकडणारा फिल्टरही पावसाळ्याआधी बदला. संपलेल्या फिल्टरमधून येणारा वायू ट्यूब सुकवत नाही, कधी कधी भिजवतो.

सीव्हच्या थराची ट्यूब पर्जने लवकर सुकत नाही. तिथे सॅम्पलचं आकारमान कमी करणं हाच खरा उपाय. यंत्रात ट्रॅपचं तापमान उणे तीसवरून शून्याच्या वर, वीस-पंचवीस अंशांवर नेता येतं. बर्फ होत नाही, पाण्याचा बराचसा भाग ट्रॅपमधून पुढे निघून जातो. ट्रॅपमधलं शोषक बेंझीनला त्या तापमानाला धरतं का हे मात्र स्टँडर्डने तपासा. ट्रॅपमध्ये नुसतं टेनॅक्स असेल तर धरेलच असं नाही.

एकदा टेबलावर सिद्ध करून ठेवा

वरिष्ठ किंवा ग्राहक यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक प्रयोग करून फाइलला लावून टाका. सहा स्वच्छ ट्यूबा घ्या, प्रत्येकीवर मिथेनॉलमधल्या स्टँडर्डचा एक मायक्रोलिटर, म्हणजे समजा ५० नॅनोग्रॅम बेंझीन चढवा. तीन ट्यूबांमधून दोन लिटर कोरडा नायट्रोजन सोडा, उरलेल्या तिघींमधून तेवढाच नायट्रोजन पाण्याच्या बबलरमधून नेऊन. बबलरनंतर एक रिकामी बाटली ठेवा, नाहीतर थेंबच ट्यूबमध्ये जातात आणि प्रयोग वेगळाच होतो. मग सहाही ट्यूबा एका सिक्वेन्समध्ये, कोरडी-ओली आलटून-पालटून लावा. ओल्या तिघींचा इंटर्नल स्टँडर्ड आणि बेंझीन दोन्ही पडले, की इंजिनिअरला बोलवायची गरज उरत नाही. तसाच संच नव्याने तयार करून, ओल्या ट्यूबांवर आधी पर्ज करून लावला की उपाय चालतो की नाही तेही कळतं.

ज्योत विझते तेव्हा

एफआयडीची ज्योत वाफेच्या लोंढ्याने विझते हे खरं, पण नेहमी ट्यूबच दोषी नसते. हायड्रोजन जळून पाणीच तयार होतं. डिटेक्टर दीडशे अंशांच्या खाली असेल तर ते आतच साठतं. अडीचशे-तीनशेवर ठेवा. मिनिटाला हायड्रोजन तीस ते चाळीस, हवा तीनशे ते चारशे मिलिलिटर, हे प्रमाण मीटर लावून मोजा, स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि ज्योत आहे की नाही बघायला वरच्या तोंडावर थंड, चकचकीत पाना धरा: वाफ जमली तर ज्योत आहे. कॉम्प्रेसरची हवा वापरणाऱ्यांनी टाकीतलं पाणी पावसाळ्यात रोज काढावं.

कोळशाच्या ट्यूबा

नारळाच्या करवंटीच्या कोळशाची ट्यूब आणि कार्बन डायसल्फाइड ही जुनी जोडी अजूनही अनेक ठिकाणी चालते, आणि एफआयडीला कार्बन डायसल्फाइड जवळपास दिसत नाही म्हणून ती सोयीचीही आहे. पण कोळसा ओल्या हवेत पाणी भरपूर घेतो आणि तेवढी बेंझीनची जागा कमी होते. नेहमी मागचा छोटा भाग वेगळा तपासा. पावसाळ्यात तर अजिबात टाळू नका. कार्बन डायसल्फाइड घातल्यावर व्हायलमध्ये वर पाण्याचा पातळ थर दिसला, तर सुई खाली, कार्बन डायसल्फाइडच्या थरात जाते का बघा. अल्कोहोल आणि कीटोन यांचा काही भाग त्या पाण्यात जातो, त्यामुळे त्यांचे आकडे तर धरूच नका. बेंझीन मात्र खालीच राहतं. याउलट बेंझीन विनाकारण जास्त येत असेल तर बाटलीवर संशय घ्या: कार्बन डायसल्फाइडमध्ये बेंझीनची अशुद्धी असतेच, प्रत्येक नव्या बाटलीचा ब्लँक चालवल्याशिवाय ती वापरू नये. आणि हे सगळं हूडमध्येच, जवळ हॉट प्लेट नको. कार्बन डायसल्फाइड पेटायला ठिणगी लागत नाही, शंभर अंशांच्या आतला गरम पृष्ठभाग पुरतो.

फील्ड ब्लँक थर्मल ट्यूबांचा असो वा कोळशाच्या, तो सॅम्पलबरोबरच प्रवास करू द्या. पावसात ट्यूबा मोटारसायकलच्या डिकीत जातात, जवळ पेट्रोलची टाकी. अशा ब्लँकमध्ये बेंझीन, टोल्युइन, झायलीन तिन्ही पेट्रोलच्या नेहमीच्या प्रमाणात सापडतात.

हातातला पीआयडी

कुंपणाजवळ फिरवायचा पीआयडी (अतिनील दिव्यावर चालणारा वाफा मोजायचा मीटर) पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी खोटं बोलतो. बाष्प दिव्याचा अतिनील प्रकाश शोषतं, म्हणून आकडा थोडा कमी. सेन्सरवर धूळ बसली असेल तर तीच धूळ ओली होऊन वीज गळते आणि आकडा हळूहळू चढत राहतो, कारखाना बंद असला तरी. तपासायला इनलेटभोवती मूठ करून ओलसर उच्छ्वास सोडा. आकडा चढून तिथेच रेंगाळला तर सेन्सर बिनपाण्याच्या मिथेनॉलने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा. १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा आयसोब्युटिलीनवर कॅलिब्रेट केलेला असतो, त्याला बेंझीन वेगळं ओळखता येत नाही. कुंपणावर १ पीपीएम दिसला म्हणून अहवालात बेंझीन लिहू नये.

आधीच चालवून झालेल्या ट्यूबा

त्या परत मिळत नाहीत. यंत्राला स्प्लिटचा वायू पुन्हा ट्यूबवर गोळा करायची सोय असेल आणि ती चालू असेल, तर मात्र ती गोळा केलेली ट्यूब पर्ज करून पुन्हा चालवता येते. म्हणून जून ते सप्टेंबर ती सोय बंद करू नका. सोय नसेल तर ज्या रनमध्ये इंटर्नल स्टँडर्ड तुमच्या मर्यादेबाहेर गेला त्या सॅम्पलचा आकडा देऊ नका, सॅम्पल अग्राह्य म्हणून कारणासह नोंदवा. इंटर्नल स्टँडर्ड ठीक, पण मागच्या ट्यूबमध्ये बेंझीन सापडलं, तर तो आकडा ‘किमान इतकं’ म्हणून देता येतो, पुढच्या-मागच्या दोन्ही ट्यूबांची बेरीज करून. एकच ट्यूब होती आणि दहा लिटर ओढले होते, तर त्या जागेचं सॅम्पल दीड लिटरने पुन्हा घ्या, आणि फॉर्मवरचे छापील ‘१० लिटर’ त्याच दिवशी खोडा.